शेवटची वडी कोण उचलणार

कोरिन हाल्वोर्सनची शाळेच्या 'तंत्रज्ञान मार्गदर्शक' या पदावर नेमणूक झाली, त्यामागे एकच कारण होतं. ऑफिसातल्या झेरॉक्स मशीनमध्ये कागद अडकला की मशीनला लाथ न मारता तो बाहेर काढणारी शाळेत ती एकटीच होती. मुख्याध्यापक एंगस्ट्रॉम यांना एवढी योग्यता पुरेशी वाटली. जिल्हा कार्यालयानंही हरकत घेतली नाही, कारण त्यांचं मशीन अजून लाथेवरच चालत होतं.

ब्रूस्टर लेक हे गाव अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या अगदी वरच्या अंगाला आहे. तिथपर्यंत नकाशा छापताना छापणाऱ्यालाही हुडहुडी भरत असावी. तरी तिथल्या शाळेत वर्गावर्गात डिजिटल फळे येऊन लागले होते आणि शिक्षकांना ते वापरायला शिकवण्याचं काम कोरिनकडे आलं होतं. नेमणूक वर्षापुरतीच. फेब्रुवारीअखेर सगळ्या शिक्षकांचे सगळे धडे पूर्ण झाले तर शाळा 'पूर्ण प्रशिक्षित' ठरणार होती. मग पद कायम होणं जवळजवळ नक्की, असं एंगस्ट्रॉम म्हणाले होते. नाही झाले, तर कोरिन परत चौथीच्या वर्गावर.

चौथीचा वर्ग वाईट होता असं नाही. पण ज्यानं कधी शाळेत शिकवलेलं नाही त्याला ठाऊक नसतं, की शिक्षकाची कॉफी गरम ओतली जाते आणि गार प्यायली जाते, आणि त्याला बाथरूमला लागते ती घंटेच्या परवानगीनं. वीस-बावीस वर्षं कोरिननं हे दोन्ही सोसलं होतं. नव्या पदाबरोबर तिला एक खोली मिळाली. खोलीत पूर्वी व्यायामाच्या चटया ठेवायचे, आणि चटया गेल्या तरी त्यांचा वास काही गेला नव्हता. पण खोलीला दार होतं आणि ते आतून लागत होतं. पहिल्या दिवशी तिथे कॉफी पिताना कोरिनची जीभ पोळली, कारण गरम कॉफीची सवयच राहिली नव्हती. बाथरूमला तर ती त्या आठवड्यात गरज नसतानाही जाऊन आली, नुसती ऐश म्हणून.

हे सुख टिकवायचं तर सहकाऱ्यांना शिकवायचं होतं, आणि तिथेच घोडं अडलं.

सहकाऱ्यांत सगळ्यात वडील मार्लिस टोलेफसन. तिसरीच्या शिक्षिका. कोरिन स्वतः तिसरीत असताना त्यांच्याच हाताखाली होती. पाढे, बुटाची नाडी आणि नाक बाहीला पुसू नये हे तीनही धडे तिला टोलेफसन बाईंनीच दिले होते. अशा बाईंना "इथे बोटानं दाबा" हे सांगताना कोरिनचा आवाज आपोआप तिसरीतला व्हायचा.

पहिलं प्रशिक्षण मुलांच्या सुट्टीच्या दिवशी झालं. कोरिननं जिल्हा कार्यालयाचे नियम वाचून दाखवले. पूर्ण प्रशिक्षित शाळेला काय काय मिळेल, काय काय बदलेल, असं बरंच काही त्यात होतं. मध्येच कुणाचा तरी कॉफीत फिरणारा चमचा थांबला. नंतर दुसऱ्याचा थांबला. कोरिनला वाटलं, लोक मन लावून ऐकताहेत. मग तिनं फळा चालू करून दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या भागात तोंडावर 'नाही' म्हणायची पद्धत नाही. सूपमध्ये मीठ दोनदा पडलं किंवा पाद्री ऑर्गन वाजवणारीबरोबर पळून गेला, तरी लोक एवढंच म्हणतात की हे जरा वेगळंच झालं. याच्यापुढची शिवी तिथल्या भाषेत नाही.

टोलेफसन बाईंनी चष्मा वर केला, फळा वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, "वेगळंच आहे हं, कोरिन."

कोरिननं फळा बंद केला.

बाई प्रत्येक प्रशिक्षणाला ट्रेभर लिंबाच्या वड्या करून आणत, म्हणजे नाराजीत आकस नव्हता. वड्या झपाट्यानं संपत, शेवटच्या एकीपर्यंत. ती मात्र कुणी उचलत नसे. ट्रेमधली शेवटची वडी घेणाऱ्याला तिथे कुणी काही बोलत नाही, फक्त ते कुणी विसरतही नाही. म्हणून जो येई तो सुरीनं तिची अर्धी करी आणि अर्धी ठेवी. पुढचा त्या अर्धीची अर्धी करी. शाळा सुटेपर्यंत ट्रेमध्ये जे उरे त्याला वडी म्हणायला श्रद्धा लागे.

प्रशिक्षणही असंच चाललं. शिक्षक शिकत आणि शुक्रवारपर्यंत विसरत. टोलेफसन बाई प्रत्येक वेळी फळ्यासमोर उभ्या राहून गोड आवाजात विचारत, "सुरू कुठून करायचं गं?" विज्ञानाच्या ड्वेन किव्हेलाचं बोट लागलं की फळ्यावरचं चित्र उलटं होई. हा गृहस्थ गोठलेल्या तळ्याला भोक पाडून, अंधाऱ्या पाण्यातून नेमका हवा तो मासा काढत असे, पण फळ्यावरचं ठसठशीत लाल बटण त्याला दिसत नसे. तरी रखडत रखडत एकेक धडा सरला, आणि सगळे शेवटच्या धड्यापाशी येऊन थबकले. धडा होता, मुलं घरी असताना वर्ग ऑनलाइन कसा घ्यावा. इथे मात्र कुणाचा पासवर्ड हरवला, कुणाचं मनगट धरलं, कुणी चष्मा घरी विसरलं, तर कुणी दुसऱ्याचा घेऊन आलं. एंगस्ट्रॉम रोज दारात डोकावून विचारत, "किती राहिलं?" आणि कोरिन रोज सांगे, "शेवटचंच."

जानेवारीत एकदा ती केबलचं वेटोळं खांद्यावर टाकून तिसरीच्या वर्गावरून चालली होती. दाराच्या काचेतून सहज आत पाहिलं आणि तिथेच उभी राहिली. फळ्यावर निळं तळं पसरलं होतं. त्यात पाठीवर आकडे घेतलेले मासे पोहत होते आणि मुलं गुणाकार करून त्यांना पकडत होती. टोलेफसन बाई दोन बोटांनी चित्रं मागेपुढे सारत होत्या, जशी एखादी सुगरण तव्यावर धिरडी उलटते. कोपऱ्यातल्या चौकटीत कांजिण्या आलेला एक मुलगा घरच्या सोफ्यावरून हात वर करत होता, आणि बाई त्याला म्हणत होत्या, "थांब रे, आधी स्वतःचा आवाज चालू कर."

कोरिन आत गेली. फळा एकदम काळा झाला.

"अगं बाई," टोलेफसन बाई म्हणाल्या. "गेला वाटतं. बरी आलीस. सुरू कुठून करायचं?"

पुढच्या बाकावरची एक मुलगी सांगायला उठली, की बाई आत्ताच तर. बाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती बसली. ती नजर कोरिनला चांगलीच ओळखीची होती. कोरिनही बसली असती, पण खुर्ची लहान होती.

शाळा सुटल्यावर तिनं ड्वेनला पार्किंगमध्ये गाठलं. तो गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. काय पाहिलं ते तिनं सांगितलं. ड्वेननं आधी हवेबद्दल मत दिलं, मग तळ्यावरच्या बर्फाच्या जाडीबद्दल, मग तिच्या टायरांबद्दल. ती हलत नाही म्हटल्यावर त्यानं खरवडणी थांबवली.

"कोरिन, नियम तूच वाचून दाखवलेस ना?"

"हो. मग?"

"पूर्ण प्रशिक्षित शाळा वादळाच्या दिवशी बंद राहणार नाही. वर्ग घरून भरतील. असं तूच वाचलंस. आवाज छान लागला होता तुझा."

तेव्हा कोरिनला ते थांबलेले चमचे आठवले.

वाचताना तिच्या डोक्यात नुसतं पद होतं. त्या ओळीचा अर्थ तिच्या कानाशीसुद्धा थांबला नव्हता. ती ओळ बर्फाची सुट्टी बंद करणारी होती. वादळाचा अंदाज आला की गावातली पोरं पायजमा उलटा घालून आणि उशीखाली चमचा ठेवून झोपतात. तसं केलं की सकाळी शाळा बंद होते, याबद्दल तिथे दुमत नाही. पोरांचं सगळ्यांना माहीत असतं. पण अर्ध्या स्टाफचे पायजमेही त्या रात्री उलटे असतात, हे कुणी बोलत नाही. टोलेफसन बाईंचा तर त्यासाठी वेगळा चमचा होता, चांदीचा, सासूनं दिलेला.

ड्वेननं शेजारच्या टॅमरॅक जंक्शनच्या शाळेची हकिकत सांगितली. ती शाळा गेल्याच वर्षी पूर्ण प्रशिक्षित झाली होती. डिसेंबरात तिथे दारं उघडेनात एवढा बर्फ पडला, आणि सगळं गाव घरात बसून अपूर्णांक शिकलं.

"आम्ही तुझ्या वाईटावर नाही," तो म्हणाला. "फक्त शेवटचा घास कुणी घेत नाहीये, एवढंच."

कोरिन रागवायला घरी गेली. रागावता येईना, कारण तिच्याही उशीखाली चमचा होता.

ती यावर कुणाशी बोलली नाही. बोलले ते एंगस्ट्रॉम, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, आणि तेही स्टाफरूमच्या दारात, मोठ्यानं. मुदत या शुक्रवारी संपते, असंच राहिलं तर सोमवारपासून चौथीचा वर्ग, आणि चटया ठेवायला जागा नाहीच आहे, तेव्हा त्या परत येतील. कोरिन "हो सर" म्हणाली. आत टोलेफसन बाई वडीचा अर्धा तुकडा कापत होत्या. त्यांची सुरी मध्येच थांबली.

गुरुवारी शेवटचं प्रशिक्षण होतं. आकाश पत्र्यासारखं दिसत होतं आणि रेडिओ सकाळपासून शुक्रवारच्या वादळाबद्दल बोलत होता. कुणी येईल असं कोरिनला वाटलं नव्हतं. सगळे आले. टोलेफसन बाई पहिल्या खुर्चीत बसल्या, बाह्या सारल्या आणि सुरू कुठून करायचं हे न विचारता शेवटचा धडा संपवून मोकळ्या झाल्या. मग ड्वेननं संपवला. त्याच्या हाताखाली या वेळी काहीही उलटं झालं नाही. हरवलेले पासवर्ड सापडले, मनगटं सुटली. अंत्ययात्रेला आल्यासारखे सगळे बसले होते आणि भराभर बटणं दाबत होते.

कोरिन टोलेफसन बाईंच्या खुर्चीपाशी गेली.

"बाई, तुम्ही कशाला," एवढंच तिला म्हणता आलं.

"तुझी कॉफी गार होतेय," टोलेफसन बाई म्हणाल्या आणि कोट घालून निघून गेल्या.

एंगस्ट्रॉमनी यादी पाहिली, खूश झाले आणि मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. एक नाव अजून उरलं होतं. हाल्वोर्सन, कोरिन. मार्गदर्शकही शिक्षकच असतो, असा नियम निघाला. धडा तिनं सगळ्यांना शिकवला होता, पण स्वतः कधी पूर्ण केला नव्हता. "दहा मिनिटांचं काम," एंगस्ट्रॉम म्हणाले. मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि जरा हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे, मुदत उद्यापर्यंत आहे."

कोरिन खोलीत जाऊन बसली. दार लावलं. कॉफी गरम होती. धड्यातले प्रश्न तिनं न वाचताच बरोबर सोडवले, आणि पडद्यावर 'पूर्ण' असं लिहिलेलं हिरवं बटण आलं. ते दाबलं की खोली तिची होती. तिनं बोट पुढे केलं. बोट तिथेच थांबलं. जन्माला आल्यापासून तिनं ट्रेमधली शेवटची वडी कधी उचलली नव्हती. आता तर साऱ्या गावाची वडी तिच्यासमोर होती, आणि बाकीच्यांनी ती तिच्यासाठी ठेवली होती.

तिनं लॅपटॉप मिटला. घरी जाऊन पायजमा उलटा घातला.

सकाळी फोन वाजला तेव्हा खिडकीत निम्म्यापर्यंत बर्फ होता. एंगस्ट्रॉम होते. शाळा बंद, असं त्यांनी शक्य तितक्या गंभीर आवाजात सांगितलं. धड्याबद्दल त्यांनी विचारलं नाही, तिनंही विषय काढला नाही. दिवसभर लॅपटॉप टेबलावरून तिच्याकडे पाहत होता. दुपारी तिनं त्याच्यावर घोंगडी टाकली आणि झोपली.

सोमवारी ती कप आणि दोन पेनं खोक्यात भरत होती, तेव्हा जिल्हा कार्यालयातल्या प्रेंटिस बाई आल्या. त्यांच्या हातात आलेख होता आणि रेषा वर चढत होती.

"अगदी काठावर आलीय तुमची शाळा," त्या म्हणाल्या. "वरच्यांना अशी चढती रेषा फार आवडते. काम अर्धवट असताना मार्गदर्शक कसा काढायचा? पुढच्या वर्षापर्यंत तुम्हीच."

कोरिननं कप खोक्यातून हळूच बाहेर काढला.

"आणि टॅमरॅक जंक्शनच्या मार्गदर्शकबाई? त्यांचं तर सगळं पूर्ण झालं होतं."

"त्यांचा सत्कार केला. सुंदर मानपत्र दिलं," प्रेंटिस बाई म्हणाल्या. "आता पाचवीला शिकवतात. सगळेच शिकले म्हटल्यावर मार्गदर्शक कशाला हवा?"

कोरिननं थोडा विचार केला.

"हे जरा वेगळंच आहे," ती म्हणाली.

प्रेंटिस बाई मूळच्या दक्षिणेकडच्या. त्यांना ती स्तुती वाटली.

मधल्या सुट्टीत कोरिन स्टाफरूममध्ये गेली. बातमी तिच्याआधी पोचली होती, पण कुणी अभिनंदन केलं नाही. ड्वेननं फक्त तिच्यासाठी खुर्ची ओढली. ट्रेमध्ये एक वडी उरली होती. कोरिननं सुरी घेतली, तिची अर्धी केली, अर्धी खाल्ली आणि अर्धी ठेवली.

टोलेफसन बाईंनी तिच्या वाफाळत्या कपाकडे पाहिलं आणि खुर्ची थोडी जवळ सरकवली.

"कोरिन," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "तो फळा. सुरू कुठून करायचा गं?"