कठड्यापाशी

नवीने पालथं पडून हात लांबवला, चिमट्याच्या टोकात पिवळ्या झग्यातली मुलगी अलगद धरली आणि टोप्यांच्या दुकानापासून उचलून धबधब्याच्या कठड्यापाशी आणली. मुलगी बोटभर उंचीची. तिच्या पायाच्या तळव्याला टाचणी होती आणि कठड्याला लागून त्या टाचणीपुरतं भोक. टाचणी आत बसली तसा बारीकसा टक् आवाज झाला.

“खारू, आहेस ना?” नवीने मान न वळवता हाक दिली.

“आहेऽ!” वाळवंटाच्या बाजूने उत्तर आलं.

तिचा जीव भांड्यात पडला. तो असा दर थोड्या वेळाने पडायचा आणि पुन्हा वर यायचा.

त्या बागेत अख्खा देश लहान करून मांडला होता. बर्फाचे डोंगर कमरेएवढे, वाळवंट अंगणाएवढं, समुद्राला घोटाभर पाणी आणि त्यात दीपगृह. मधल्या पायवाटांवरून पाहुणे राक्षसांसारखे चालत. ज्यांना खरा देश पाहणं जमणार नव्हतं ते इथे येत. ज्यांनी पाहिला होता तेही येत, आणि आपण कुठे उभे होतो ते बोटाने एकमेकांना दाखवत. फाटक उघडण्याआधी डागडुजीवाल्यांची फेरी असे. वाऱ्याने, मांजरांनी, कावळ्यांनी पाडलेली माणसं उचलायची, पुसायची, आपापल्या भोकात परत उभी करायची.

“माणूस चुकतं, भोक चुकत नाही,” असं रंगमावशी म्हणायची. डागडुजीच्या खोलीत सगळ्यात जुनी तीच. बाकीचे खारूच्या आईला अजून नवीच म्हणत. तिच्यानंतर दोघं कामाला लागून सोडूनही गेले, तरी नाव तिलाच चिकटलं होतं.

खारूचं पाळणाघर बंद पडल्यापासून ती लेकीला बरोबर आणत होती. चार वर्षांची पोर. डोंगर ओलांडून समुद्रात पाय बुडवून येई. घोटाभर पाण्यात काय होतंय, असं खारूचे बाबा म्हणत. नवी वाद घालत नसे. घोटाभर पाण्यात काय काय होऊ शकतं ते तिचं तिने मनात केव्हाच पाहून ठेवलं होतं. मन चिंती ते वैरी न चिंती.

आणि म्हणूनच ही पिवळ्या झग्यातली तिच्या नजरेत भरली होती. बाकीची माणसं पडत. ही पडत नसे. ही रोज सकाळी टोप्यांच्या दुकानासमोर सापडायची, ताठ उभी, टाचणी मातीत नीट रोवलेली.

“वारा असेल,” मावशी म्हणाली होती.

“मावशी, वारा माणसाला पाडतो. उभं करून ठेवत नाही.”

“इथला ठेवतो.” मावशीने ब्रश फडक्याला पुसला, मग पुसलेलाच पुन्हा पुसला. तिने त्या मुलीचा झगा कधी स्वतः रंगवला नव्हता. आला की दुसऱ्या कुणाकडे सरकवायची.

त्या दिवशी साहेब स्वतःच खोलीत आले आणि नवीच्या पुढ्यात गोंदाची नळी ठेवली.

“अहो बाई, ती धबधब्यावरची मुलगी. पाहुण्यांनी ती रस्त्यात उभी असल्याचा फोटो पाठवलाय. रोज फिरायला जाते की काय ती?”

“मी रोज जागेवर ठेवते साहेब.”

“ठेवू नका, चिकटवा. आपल्या जाहिरातीत ती कठड्यापाशी आहे, तिथंच पाहिजे. एकदा चिकटवली की सुटलो.”

सकाळचं दंव वाळल्याशिवाय गोंद धरत नाही. तिने नळी एप्रनच्या खिशात टाकली. दिवसभर वाकताना ती तिच्या पोटाला टोचत राहिली.

उन्हं कलल्यावर ती धबधब्याकडे निघाली, तेव्हा तिला तो म्हातारा दिसला. बाकी पाहुणे डोंगरापाशी रेंगाळत, किल्ल्यापाशी फोटो काढत; हा इकडेतिकडे न बघता अख्खा देश ओलांडून सरळ धबधब्यापाशी आला. गुडघ्यावर हात ठेवून हळूच खाली बसला. हात पुढे केला, नखांनी मुलगी उपसली, आणि दोन बोटांत धरून कठड्यापासून दुकानापर्यंत तिला चालवत नेलं. उचलून नाही. चालवत.

“आजोबा, हात लावायचा नाही. पाटी वाचली नाहीत का?”

“ती पाटी मीच रंगवलीय, पोरी,” तो मागे न बघता म्हणाला.

त्याच्या नखांच्या कडांना निळं होतं, धुऊन न जाणारं. तो निळा नवीच्या ओळखीचा होता. धबधब्याच्या पाण्यातला.

“हा धबधबा तुमचा?”

“माझा कसला? आहे तिथं आहे. मी फक्त लहान केला.”

नवी त्याच्या शेजारी उकिडवी बसली. सवयीने तिच्या तोंडून निघालं, “खारू, आहेस ना?”

“आहेऽ!”

म्हाताऱ्याचा हात दुकानापाशी थबकला.

“तुझी?”

“हो.”

“विचारत जा.” त्याने टाचणी मातीत दाबली, अंगठ्याने माती सारखी केली. “आणि उत्तराला वेळ लागला तर हाका मारत बसू नको. उठून जायचं.”

नवीने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने पिवळ्या झग्याकडे पाहिलं. बाह्यांच्या चुण्या, एक खाली घसरलेला मोजा. बाकीच्या शेकडो माणसांना चेहरे नव्हते, नुसते ठिपके होते. हिला भुवया होत्या.

“आधीचे साहेब म्हणाले, कठड्यापाशी एखादं लहान मूल पाहिजे,” म्हातारा बोलू लागला. “म्हणजे बघणाऱ्याला धबधब्याची उंची कळते. मी लेकीच्या फोटोवरून केली. दुसरा फोटो नव्हताच माझ्याकडे. त्यात ती तिथंच उभी होती.”

“आणि तुम्ही?”

“मी टोप्यांच्या दुकानात.” त्याने बोटाने दुकानाच्या छपरावरची धूळ उडवली. “ऊन होतं ना. तिच्यासाठीच घेत होतो. टोपी घेऊन वळलो, तर कठडा रिकामा.”

मागून एक कुटुंब गेलं. कोणीतरी म्हणालं, बघ, इथं आपण भिजलो होतो. सगळे हसले आणि पुढे गेले.

“कामावर होतो तोवर बघवत नव्हतं तरी बघायचो,” म्हातारा म्हणाला. “आता तिकीट काढून येतो. तिला दुकानापर्यंत आणतो आणि घरी जातो. पण हट्टी आहे ती. दुसऱ्या दिवशी यावं तर परत कठड्यापाशी!” तो हसला, लेकीची खोडी सांगताना बाप हसतो तसाच.

नवीच्या हाताच्या तळव्याला चिमट्याची खूण होती. रोजच्या सकाळची.

“आजोबा, ते रोज सकाळी मीच...”

“असू दे.” त्याने घाईने हात वर केला. पुढचं त्याला नको होतं.

 मग खिशातली नळी काढून तिने त्याच्यासमोर धरली. “साहेबांनी हिला चिकटवायला सांगितलंय. कायमची.”

“कुठं?”

तिने कठड्याकडे पाहिलं. म्हाताऱ्यानेही पाहिलं, आणि त्याचा हात आपोआप मुलीच्या पुढे आडवा झाला.

“मी इथंच चिकटवते,” नवी भराभर बोलली. “दुकानापाशी. साहेबांचं मी बघून घेईन. मग ती कुठं जायची नाही. तुम्हालाही काळजी नको.”

म्हाताऱ्याने नळी धरलेला तिचा हात हळूच बाजूला सारला. पाण्याचा पंप घरघरत होता.

“मग मी रोज येऊन करू काय?” तो म्हणाला.

उठायला त्याला तिचा हात लागला. फाटकाकडे जाताना त्याने एकदाच वळून दुकानाकडे पाहिलं. तिथं आहे ना, एवढंच बघावं तसं.

रात्री खारू झोपेत सरकून पलंगाच्या कडेला गेली. नवीने तिला मध्ये ओढलं. पोर परत कडेला गेली. नवीने पुन्हा ओढलं.

सकाळच्या फेरीत ती धबधब्यापाशी पालथी पडली तेव्हा गवत ओलं होतं. मुलगी दुकानासमोर उभी होती, सुखरूप. नवीने चिमटा पुढे केला आणि मागे घेतला. काल या हाताला काही माहीत नव्हतं.

“चिकटवली का हो?” साहेबांनी दीपगृहापासूनच विचारलं.

“चिकटवली.”

“वा. सुटलो.”

रंगमावशी शेजारच्या किल्ल्यावर एका पहारेकऱ्याला उभं करत होती. तिने नवीच्या एप्रनच्या फुगलेल्या खिशाकडे पाहिलं, आणि पहारेकऱ्याचं नाक पुसायला लागली.

नवीने चिमटा बाजूला ठेवला. मुलीला दोन बोटांत धरलं आणि चालवत नेलं, दगडांना वळसे घालत, कठड्यापर्यंत. टाचणी भोकात गेली. टक्. आजवर ती मुलीचं तोंड पाण्याकडे ठेवत असे, जाहिरातीत होतं तसं. आज तिने तिला हलकेच फिरवलं. आता मुलगी दुकानाकडे बघत होती. ज्या वाटेने कुणी टोपी घेऊन येईल त्या वाटेकडे.

“खारू, आहेस ना?”

उत्तर आलं नाही.

पाणी पडत होतं. नवीचा एक गुडघा उठण्यासाठी वर आला होता, आणि एक हात, तिच्या नकळत, कठडा आणि पिवळा झगा यांच्या मध्ये आडवा झाला होता.

“आहेऽ!” समुद्राकडून खारू ओरडली.

नवीचा गुडघा पुन्हा गवतात टेकला. पण तो हात तिथून काढून घ्यायला तिला वेळ लागला.