आजोबांचा ठोका

टक्… टक्… टक्.

अंगणात सगळी आळी श्वास रोखून उभी होती आणि त्या शांततेत हा आवाज आला. सासूबाईंचे दोन्ही हात तोंडावर गेले. शेजारची तोकोन तर किंचाळलीच, "आले! आले गं बाई!"

"किटलीचं झाकण आहे ते!" मी आतून ओरडले आणि तान्ह्याला कडेवर सावरत किटली चुलीवरून उतरवली.

कुणी हसलं नाही. सगळ्यांचे डोळे पुन्हा गाडीकडे वळले.

गाडी सासऱ्यांची. जर्मनीत एक जन्म काढून ती आमच्या नारीनच्या डोंगरात आली आणि इथे सासऱ्यांनी तिला दुसरा जन्म दिला. चार लाख किलोमीटर तिने कधीच ओलांडले होते. गेल्या शरदात सासरे गेले. यंदा गवतकापणी संपता संपता गाडीच्या पोटातून ठोके येऊ लागले. जड, खोल, कुणी आतून दार वाजवावं तसे. गाडी आता माझा नवरा एर्मेक चालवतो. तो धास्तावला. माझी पाच वर्षांची चिनारा मात्र हरखून गेली. गाडी चालू असली की पुढच्या सीटवर चढायची, डॅशबोर्डवर बोटाने टकटक करायची, कान लावायची आणि सांगायची, "आजोबा 'हो' म्हणाले."

उद्या सासऱ्यांचं वर्षश्राद्ध होतं, घाटापलीकडे, त्यांच्या मूळ गावी. एर्मेक, सासूबाई आणि चिनारा याच गाडीतून जाणार होते. म्हणून सासूबाईंनी तुर्सुनालीला बोलावलं होतं. अशा माणसाला आमच्याकडे 'डोळे उघडलेला' म्हणतात. आधी तो ट्रक हाकायचा. एक दिवस त्याचे डोळे उघडले आणि ट्रक हाकायचं बंद झालं.

"बायांनो," त्याने बॉनेटवर तळहात टेकला, "दर गुरुवारी तुम्ही तेलात कणकेचे बोर्सोक तळता. का? तळणाचा वास गेलेल्या माणसांपर्यंत पोचावा म्हणून. पण हा म्हातारा घरात आहेच कुठे? जन्मभर जिथं बसला तिथंच बसलाय! वास घराला आणि उपाशी हा. म्हणून ठोठावतोय. 'माझा वाटा कुठाय?'"

"खरंच हो," सासूबाईंना हुंदका फुटला, "जेवायला उशीर झाला की अस्संच टेबल वाजवायचे."

"त्याला जिथल्या तिथं भरवायला हवं. काल रात्रीपासून गाडी सुरू केली नाहीत ना? छान. आत्मा निजलेला असतानाच घास द्यायचा."

लोकरीच्या नमद्यात गुंडाळलेली बाटली काढून त्याने पुटपुटत ती इंजिनाच्या तेलाच्या तोंडात रिकामी केली. "सात डोंगरांचं मंतरलेलं लोणी!" मधासारखी पिवळी धार, जाड, न तुटणारी. मग एर्मेकने किल्ली फिरवली.

इंजिन चालू झालं. ठोका नाही. मांजर घुरघुरावं तसा मऊ आवाज.

अंगणभर रडणं उसळलं. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. दक्षिणा म्हणून ठरलेली आमची काळी मेंढी तुर्सुनालीच्या जीपकडे ओढली जाऊ लागली.

त्या लोण्याला लोण्याचा वास नव्हता. ट्रकच्या गॅरेजचा वास होता. मी गावच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, सध्या बाळासाठी रजेवर आहे. पण वास ओळखायला भौतिकशास्त्रही लागत नाही.

"एर्मेक, बंद करू नकोस."

"आता कशाला?"

"किटली परत चुलीवर ठेवते, ती उकळेपर्यंत चालू दे."

"सूनबाई," तुर्सुनालीने बोट उगारलं, "आत्म्याची परीक्षा घेत नाहीत."

"परीक्षा कुठली, आबा? पाहुणा नुकताच जेवलाय, बसू दे की जरा. आणि उद्या तुम्हीही चला ना. पुढची सीट तुमची."

"माझं व्रत आहे. घाट मी घोड्यावरून ओलांडतो."

"अगं बया," तोकोन म्हणाली, "आज जीपमधून आला तेव्हा घोडा मागच्या सीटवर होता वाटतं!"

पहिल्यांदाच कुणीतरी हसलं.

आत किटलीचं झाकण थडथडू लागलं. इंजिन तापलं होतं. एर्मेकने पेडल दाबून सोडलं, आणि खालून आवाज आला. ठक. ठक. ठक.

"आई! आजोबा!" चिनाराने टाळ्या पिटल्या.

तिच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही. तान्ह्याला तोकोनकडे देऊन मी शेवयांचं लांब लाटणं आणलं. एक टोक इंजिनाच्या अंगाला लावलं, दुसरं कानाला. वरच्या बाजूला आवाज पुसट होता. खाली, मधोमध, लाटणं कानाला हिसके देत होतं.

"याच्या पोटात चार खोल्या आहेत," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "प्रत्येकीत ठिणगी पडते, पेट्रोल भडकतं आणि एका दांड्याला खाली ढकलतं. आता मी एकेका खोलीची ठिणगी बंद करते. ऐका."

कोरड्या लाकडी चिमट्याने पहिल्या खोलीची वायर उपसली. इंजिन लंगडलं, ठोका तसाच. ती बसवून दुसरी काढली. तसाच. तिसरी काढली आणि ठोका जवळजवळ नाहीसाच झाला. बसवली, आला. काढली, गेला.

"म्हणजे म्हातारा तिसऱ्या खोलीत राहतो होय?" तोकोन म्हणाली. अंगण खदाखदा हसलं.

एर्मेक हसला नाही. त्याने इंजिन बंद केलं, तेल मोजायची पट्टी काढून पांढऱ्या फडक्यावर पुसली. फडकं उन्हात धरलं तर डागात बारीक चकाकी होती.

"तिसरा दांडा ज्या वाटीत फिरतो ती वाटी झिजलीय," मी म्हणाले. "हा तिचाच कीस. मधे फट पडलीय, म्हणून दांडा आपटतो. थंड, जाड तेल ती फट भरतं आणि आवाज दबतो. तापलं की तेल पातळ होतं आणि ठोका परत येतो. बाटलीत गिअरचं तेल होतं."

"आणि घाटात?" सासूबाईंनी विचारलं.

"घाटात दांडा तुटून इंजिन फोडेल, आपा. उतारावर इंजिन बंद, ब्रेक दगडासारखे, स्टिअरिंग वळेना. आणि आत तुम्ही तिघं."

"अविश्वासानं जागं केलंत त्याला!" तुर्सुनाली ओरडला. "आता भोगा!"

एर्मेक त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही. "आबा, तुम्ही वीस वर्षं ट्रक हाकलात. 'मला हा आवाज ओळखू आला नव्हता', एवढंच माझ्या तोंडावर म्हणा."

तुर्सुनालीने जीपचं दार ओढून घेतलं. जीप गेली. मेंढी अंगणातच राहिली.

मी त्या दिवशी अंगणात जे म्हणाले तेच इथे लिहिते. गेलेल्यांसाठी बोर्सोक तळा, त्यांची आठवण काढा, रडा. पण यंत्र ठोठावू लागलं तर ते उघडून बघा. ताप आला तर डॉक्टरकडे जा. आवाज थांबला म्हणजे दुखणं गेलं असं नाही. आणि जो माणूस तुम्हाला गाडीत बसवतो पण स्वतः बसत नाही, त्याला आधी विचारा, का?

लोक पांगले. सासूबाई ओट्यावर बसून राहिल्या. मी चहाचा वाडगा दिला तेव्हा म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे, पोरी. वाचवलंस तू. फक्त… महिनाभर मला वाटत होतं, ते इथंच आहेत." मी त्यांच्याजवळ बसले.

मग बघते तर चिनारा बंद गाडीत, पुढच्या सीटवर. डॅशबोर्डवर टकटक करत होती, कान लावत होती, पुन्हा टकटक. मी दार उघडून तिला कुशीत घेतलं. तिचे केस उन्हाने तापले होते.

"आई," तिने विचारलं, "मग इतके दिवस मला 'हो' कोण म्हणत होतं?"