एकच चमचा

या घरात चहा करणाऱ्याने साखर किती, ते विचारायचं नसतं. ज्याला जशी लागते तशी घालायची, घरच्या कर्त्याला चमचाभर जास्तच, आणि गप्प बसायचं. मला इथे आणलं तेव्हापासून हेच ऐकत आलेय. मी साखरेची बरणी बोलतेय. काचेची, जाड बुडाची, पत्र्याच्या झाकणाची.

माझा जन्म भट्टीतला. वाळू वितळवून, आत फुंकर घालून मला घडवलं. म्हणजे धग अंगात मुळातलीच. तेव्हा साखरेची असून ही असं तिखट कसं बोलते, असं म्हणू नका. गोड बोलणारी माणसं या घरात पुष्कळ आहेत.

पुढच्या खोलीत बाबा कोट शिवतात. पायाने चालवायचं मशीन, टेबलावर खडू, कात्री, टाचण्यांचं डबडं, खुंट्यांवर बाह्या नसलेले अर्धवट कोट. कामावरून उठायला त्यांना सवड नसे, म्हणून चहा तिथेच जायचा आणि कपाच्या बरोबरीने मीही. चहा गोड नसला की त्यांचा टाका वाकडा जातो, असा घरात समज. काजं-बटणं आत्या करते, बाबांची थोरली बहीण. आई घर सांभाळते आणि आजी सगळ्यांना. उरली मुलगी. कॉलेजात जाते. आजीने एकदा वैतागून तिला ठिणगी म्हटलं, तेच नाव चिकटलं.

डॉक्टरांनी पहिल्यांदा साखर सांगितली, तेव्हा आजी म्हणाली, "आमच्या घराण्यात कुणाला नाही." जणू रोग दारात उभा राहून आधी घराणं विचारतो. बाबा नुसते हसले. "डॉक्टरलाही गिऱ्हाईक हवंच की. मी नाही का बारीक माणसाला सैल कोट खपवत?" सगळे हसले. ठिणगी हसली नाही.

मग एका संध्याकाळी ती खोली झाडत होती, तर फरशीवर लाल ठिपके. बाबांच्या तळव्यात टाचणी रुतली होती, पार डोक्यापर्यंत. त्याच पायाने ते दिवसभर मशीन मारत होते.

"बाबा, दुखलं नाही?"

"काय दुखलं नाही?" बाबांनी विचारलं.

त्यानंतर ते माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. चमचा भरायचे, कपावर धरायचे, अर्धा परत माझ्यात टाकायचे. थोड्या वेळाने तोच अर्धा पुन्हा काढायचे. "हातातले कोट होऊ दे," म्हणायचे, "मग सोडतोच." कोट संपले की नवे येत. तळव्याची जखम भरेना, पायाच्या अंगठ्याकडे सरकत गेली आणि तो काढावा लागला.

दवाखान्यातून आल्यावर मात्र ते स्वतःच म्हणाले, "ठिणगे, ती बरणी उचल. मला दिसेल तिथे ठेवू नकोस."

तिने मला स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर, जुन्या पातेल्यांमागे ठेवलं. आमच्यासारख्या वस्तूंना म्हणे विसरलं गेल्याचं दुःख होतं. मला झालं नाही. अंगावर धूळ बसत होती आणि खाली माणूस जगत होता. बिनसाखरेचा चहा पिताना बाबा तोंड वेडंवाकडं करत. डोकं दुखे, चिडचिड होई, एकदा तर कप आदळला. पण पीत होते. काठी घेऊन गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चालून येत. रोज मलमपट्टी करताना ठिणगी म्हणायची, "सुकतेय हो बाबा." मला वाटलं, सुटलो एकदाचे.

मग एका सकाळी ठिणगी कॉलेजला गेल्यावर आईने स्टुलावर चढून मला काढलं. "अहो, चेहरा किती उतरलाय तुमचा. एकच चमचा घालते. पोरीला बोलू नका." आणि परत चढायला नको म्हणून मला पिठाच्या डब्यामागे ठेवून दिलं.

दुपारी पीठ घ्यायला आलेल्या आत्याला मी सापडले. "इतके दिवस पाळलंस, कमाल केलीस," ती भावाला म्हणाली. "आता एका चमच्याने काय आकाश कोसळतंय? वहिनीला कळू देऊ नकोस मात्र."

संध्याकाळी आजी चाचपडत आली. डोळ्यांनी कमी दिसतं, पण मला बरोबर शोधलं. "सुना-लेकी पोटाला चिमटा लावतील माझ्या पोराच्या," पुटपुटत तिने एक चमचा काढला. "बाळा, हे आपल्या दोघांतच."

असं रोजचं सुरू झालं. प्रत्येकीला वाटे, आपला तेवढा एकच. आणि बाबा? तिघींनाही "बरं" म्हणाले. घरातल्या मायेला नाही म्हणायची सवय त्यांना लहानपणापासून कुणी लावलीच नव्हती.

जखम पुन्हा ओली झाली, मग काळी पडली. काल डॉक्टरांनी सांगितलं, साखर उतरली नाही तर पाऊल घोट्यापासून काढावं लागेल. ज्या पायावर मशीन चालतं, तोच पाय.

"घरात साखर नाही, मग रक्तात येते कुठून?" ठिणगी रात्रभर हेच विचारत होती. आज पीठ घ्यायला तिने डबा ओढला आणि मी दिसले. झाकण नीट लागलेलं नव्हतं, बाहेर दाणे सांडले होते. तिने मला उचललं आणि पुढच्या खोलीत आणलं. चौघेही तिथेच होते.

"ही कोण काढतं?"

आई आधी बोलली. "मी, सकाळी. एकच गं, त्यांचा जीव कासावीस होतो..."

"सकाळी?" आत्याने मान वर केली. "मी तर दुपारी घालते."

आजीने पदर तोंडाला लावला. तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. बाबा खाली बघत होते, गुंडाळलेल्या पायाकडे.

मी गोड, म्हणून मला कुणी दोष देत नाही. माझं एवढंच मागणं आहे. माया करायची तर त्यांच्या पायाशी बसून पट्टी बदला. माझ्यात चमचा घालून माया करू नका.

आजीच आधी सावरली. "झालं ते झालं. पाय जायचाच असेल तर तोंड तरी कडू कशाला? जा, चहा टाक आणि घाल त्यात. मोठ्यांची झडती घेण्याएवढी मोठी झालेली नाहीस तू."

ठिणगीने मला पोटाशी धरलं. आवाज स्थिर होता.

"नाही घालणार. मी नाही आणि आता तुम्हीही नाही. बाबा घसरले याचा मला राग नाही. माणूस घसरतो, पुन्हा उभा राहतो. पण उभं राहायला पाय लागतो, आजी."

आत्याने हातातली सुई कोटाला टोचून ठेवली. आईने वाहणारे डोळे पुसले नाहीत. बाबांनी मान वर केली नाही.

ठिणगीने माझं झाकण घट्ट लावलं.