धुराची आंघोळ

आमच्या साखर कारखान्याचा धूर रोज आंघोळ करतो. हसण्यावारी नेऊ नका, खरंच करतो. बॉयलरमध्ये उसाची चिपाडं जळतात. त्यांची राख चिमणीतून बाहेर पडू नये म्हणून वाटेतच धुरावर पाण्याचे फवारे मारतात. त्या यंत्राला स्क्रबर म्हणतात. यंदा चिमणीला आणखी एक यंत्र बसलं. धुरात राख किती, हा आकडा ते दिवसरात्र थेट प्रदूषण मंडळाला कळवत असतं. पूर्वी तपासणीच्या दिवशी फवारे जोरात सोडले की भागायचं. आता आकडा चढला की नोटीस, आणि नोटिशीच्या मागोमाग बॉयलर बंद. आमचे हे बॉयलरचे इंजिनिअर. घरात लेकराचा ताप मोजताना थर्मामीटरकडे पाहावं, तसे ते मोबाइलवर त्या आकड्याकडे पाहतात.

मला मात्र या नियमाचा फार आधार वाटायचा. गेल्या हंगामात सुजात सात महिन्यांचा होता. सकाळी त्याच्या पाळण्यावरच्या मच्छरदाणीवर काळा थर असायचा. माघात त्याची छाती भरली, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या. लातूरच्या दवाखान्यात त्याच्या नाकाला नळी लावलेली पाहत बसले होते मी. यंदा खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं की ते स्वच्छ निघतं. दिवसातून कितीदा फिरवते, ते विचारू नका.

पण यंदा पाणीच नव्हतं. चाकूरच्या आसपासचे बोअर हवा टाकायला लागले. कारखान्याने लांबून टँकर लावले. ते आधी स्क्रबरला, मग कॉलनीला. शेजारच्या गावाला सरकारी टँकर येईल तेव्हा येईल.

त्या दिवशी कॉलनीच्या टाकीत पाणी पडलं होतं म्हणून मी डोक्यावरून न्हाले. केस पुसत होते तोच गेटवर गलका ऐकू आला. सुजातला कडेवर घेतलं आणि तशीच गेले. माझ्यामागून सासूबाईही आल्या.

टँकरसमोर रस्त्यावरच गावातल्या बाया घागरी घेऊन बसल्या होत्या. ड्रायव्हर खाली उतरून सावलीला उभा होता. सगळ्यांत पुढे पार्वतीबाई. त्या आमच्याकडे दूध घालायच्या. म्हशी विकल्यापासून त्यांचं येणं थांबलं होतं. समोर आमचे हे, हेल्मेट हातात धरून.

"सायब, हे पानी कुठं चाललंय?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"स्क्रबरला, मावशी. धूर धुवायला."

"धुराला आंघोळ! आन् आमची लेकरं पारोशी शाळंत चाललीत."

"साबन बी लावता का वो त्याला?" मागून कुणीतरी म्हणालं. बाया हसल्या. ह्यांनाही हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं.

"अहो, तुमच्याच छातीसाठी आहे तो नियम."

"छातीचं मागून बघू. आधी घसा वला करा."

"बॉयलर बंद पडला तर आत गाड्यांत उभा असलेला ऊस वाळेल, मावशी. तुमचीही गाडी आहे ना त्यात?"

"हाय की. मग काय ऊस प्यावा?"

"दम धरा गं," एक म्हातारी म्हणाली, "उदगीर जिल्हा होनार म्हनून राहिलेत. नव्या जिल्ह्यात घरोघरी नळ!"

"नळ येतील, पानी जुन्याच जिल्ह्यात ऱ्हाईल!"

पुन्हा हशा. तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. "हो... किती?... टाकीत आहे तेवढ्यावर चालवा." बोलता बोलता त्यांनी मान वर केली. मीही केली. चिमणीवरचा पांढरा धूर राखी होत चालला होता. गेल्या हंगामातला तोच रंग.

ह्यांनी फोन खिशात टाकला. एकदा बायांकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "अर्धा इथं सोड. आग कमी करून अर्ध्यावर चालवू. वर काय सांगायचं ते मी बघतो."

ड्रायव्हर पाइप सोडायला निघाला. बाया उठायच्या बेतात होत्या. आणि मी ओरडले.

"नको! माझं लेकरू आजारी आहे! श्वास घेता येत नाही त्याला. या धुरानं मरेल ते!"

सगळ्या माझ्याकडे वळल्या. सुजात माझ्या ओल्या केसांची बट तोंडात घालून चोखत होता. गाल गुबगुबीत, नाक कोरडं. गेल्या कित्येक महिन्यांत तो धड शिंकलाही नव्हता. केसांचं पाणी माझ्या पाठीवरून खाली ओघळत होतं, आणि त्या साऱ्या बायांच्या नजरा त्या पाण्यावर होत्या.

"न्हाऊन आलीय सायबीन," कुणीतरी पुटपुटलं.

"गप." पार्वतीबाई उठल्या. रिकामी घागर कमरेवर घेतली. "उठा गं. लेकराचं नाव घेतलंय तिनं."

एकेक करून सगळ्या उठल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एकीनंही शिवी दिली नाही. टँकर आत गेला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, हेल्मेट डोक्यावर घातलं आणि टँकरच्या मागे चालू लागले. सुजात ठणठणीत आहे, हे त्यांना माहीत होतं.

घरी आल्यावर सासूबाई भिंतीला टेकून बसल्या. म्हणाल्या, "लेकराला पुढं केलंस तू."

"आत्याबाई, गेल्या वर्षी तुम्हीच होतात ना दवाखान्यात..."

"होते. म्हून तर म्हनते." त्यांनी सुजातला मांडीवर ओढलं. "मी लहान असताना आमची आई विहिरीच्या अल्याड बसायची. कुणी वरून वतलं तर पानी, न्हाई तर उन्हात तसंच. मी कडंवर, जीभ बाहेर आलेली. पर तिनं कधी मला दाखवून पानी मागितलं न्हाई. आन् तू लेकरू दाखवून पानी राखलंस."

बी.एस्सी. झाले आहे मी, बिलोलीहून नांदेडला बसने जाऊन-येऊन. बाबासाहेबांनी पाण्यासाठी काय केलं, त्यावर कॉलेजात भाषण करून बक्षीस मिळवलं होतं. ते आठवलं आणि कान तापले.

संध्याकाळी हे आले. जेवताना एवढंच म्हणाले, "आकडा उतरला." मी भाकरी वाढली. आणखी काही बोलतील म्हणून थांबले, पण त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नाही, स्वतः उठून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. पार्वतीबाई. हातात फडक्याची पुरचुंडी.

"ओवा आनलाय. तव्यावर गरम करून शेकू छाती. कुठं हाय बाळ?"

बाळ अंगणात कोंबडीच्या मागे दुडूदुडू धावत होता. आरडाओरडा करत. त्याच्या छातीत किती दम आहे, ते रस्त्यापर्यंत ऐकू जात होतं. पार्वतीबाई उंबऱ्यावर टेकल्या आणि त्याला पाहत राहिल्या. मी पाण्याचा तांब्या आणला. त्यांनी तो घेतला, आणि घोटभर पिऊन बाजूला ठेवला.

"मावशी," मी म्हणाले. "तो आजारी नव्हता. गेल्या वर्षी होता. काल मी खोटं बोलले."

"हाव. दिसलं मला."

"मग उठलात कामून?" माझ्या तोंडून आपसूक माहेरची बोली आली.

"कामून?" त्यांनी पुरचुंडीची गाठ उगीच सोडली, पुन्हा बांधली. "आईनं लेकराच्या मरनाचं नाव काढल्यावर कोन बसंल? मी खोटी म्हनले असते, आन् उद्या खरंच काय झालं असतं तर? त्या बाया मला जल्मभर बोलल्या असत्या. मी सोताला बोलले असते." त्या थांबल्या. "घरी गेले तर सून इचारती, पानी मिळालं का. काय सांगावं? म्हनलं, सायबाचं बाळ लई आजारी हाय. ती बी कळवळली. तिचं दीड म्हयन्याचं हाय. तिनंच ओवा दिला बग."

मला वर बघवेना. फरशीवर त्यांच्या भेगाळलेल्या टाचा दिसत होत्या, आणि शेजारी माझ्या धुतलेल्या.

"असू दे ओवा," त्या उठत म्हणाल्या. "लागतोच लेकराच्या घरात. टँकर उद्या येनार?"

"येणार."

"आमी बी येनार. सायबाला सांग, अर्धा म्हनले व्हते ते ध्यानात ठेवा. आन् पोरी, त्याचं नाव पुन्यांदा घेऊ नको. दुसऱ्या बारीला आमी उठनार न्हाई."

"नका उठू," मी म्हणाले.