रडू न येईल इतका दाब

सोमवार, दिनांक ९ मार्च, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. उपचाराच्या खोलीत माणसे चार: लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टर, त्यांच्या मदतनीस, मी, आणि माझी तेवीस दिवसांची नात. संरक्षक चष्मे तीन. नातीच्या डोळ्यांवर मऊ, गडद पट्टी. चष्म्याच्या काडीवर छापलेली तरंगलांबी आणि लेझरच्या यंत्रावरची तरंगलांबी एकच आहे, हे मी दोनदा वाचून पाहिले.

"काका, नातीला घेऊन आलात की आमची तपासणी करायला?" मदतनीस म्हणाल्या.

"दोन्ही," मी म्हणालो. त्या हसल्या.

मुलगी बाहेर बाकावर बसली होती. "तुम्ही जा आत, बाबा. मला भिंतीपलीकडून ऐकू येईल तेवढं पुरे," असे तिने सांगितले होते. जावई दूरच्या कामावर होता आणि फोनवरून फक्त "झालं का?" एवढेच विचारू शकत होता.

नातीची जीभ खालच्या एका आखूड पडद्याने तोंडाच्या तळाशी बांधलेली होती. रडताना जिभेचे टोक वर येण्याऐवजी मधोमध खेचले जाई आणि पत्त्यांतल्या बदामासारखे दिसे. त्यामुळे छातीवर तिची पकड बसत नसे. एका पाजण्याला पंचावन्न मिनिटे लागत, त्यातली निम्मी हवा गिळण्यात जात, आणि आईला जखमा होत त्या वेगळ्याच. जन्माच्या वेळचे वजन दोन हजार नऊशे ग्रॅम होते. त्या सकाळचे दोन हजार आठशे सत्तर. मुलीने आदल्या दिवशीच सर्वांना बजावले होते: "हे केल्यावर दोन आठवडे बघीन. नाही जमलं तर मी पाजणं बंद करणार. मग मला कोणी समजावू नका." बाटलीचे दूध म्हणजे विष नव्हे, हे तिलाही कळत होते. पण तिला स्वतः पाजायचे होते, आणि त्यासाठी तिच्याजवळ शिल्लक होते ते एवढेच दोन आठवडे.

जिभेखाली बधिर करणारे मलम लावले गेले. मदतनीसांनी डोके धरले, मी दुपट्यात गुंडाळलेले पाय धरले. लेझर चालला तो अडतीस सेकंद. जळक्या नखासारखा किंचित वास आला. रक्त जवळजवळ नव्हतेच. मोकळ्या झालेल्या जिभेखाली एक छोटी जखम उरली, चार कोनांची.

"वरच्या ओठालाही बंध आहे," डॉक्टर म्हणाल्या, "पण तो पिण्याच्या आड येत नाहीये. त्याला मी उगाच हात लावणार नाही. आता खरं काम तुमचं. दिवसातून सहा वेळा, दोन बोटं जिभेखाली घालून जीभ वर आणि मागे उचलायची. ही चौकट पूर्ण उघडलेली दिसली पाहिजे. पाच सेकंद. नाहीतर दोन्ही कडा पुन्हा जुळतात. तोंडातली जखम भरायला फार घाई करते."

"दाब किती द्यायचा?"

"तो असा मोजून नाही सांगता येत, काका. चौकट उघडली की समजायचं, पुरेसा आहे."

"रडेल का?"

"रडेल. उचलून घेतलंत की थांबेल."

तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यावर छत्तीस वर्षे मी वजनमापांच्या प्रयोगशाळेत काटे तपासले. "मोजून सांगता येत नाही" हे उत्तर तिथे कोणाकडूनही ऐकून घेतले जात नसे.

घरी पहिली खेप मुलीने करून पाहिली. हातमोजा घालेपर्यंत ठीक होते. मग बोट ओठांपाशी नेले आणि तिथेच थांबली. तिने बाळाला माझ्या मांडीवर ठेवले आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. सौभाग्यवतींचे मनगट न्हाणीघरात घसरून मोडलेले, प्लास्टरमध्ये. उरलो मी.

"जपून हो," सौ. म्हणाल्या. "ती नात आहे. नट-बोल्ट नाही."

"ठाऊक आहे."

"बदाम गेला, चौकट आली. इस्पिक-किलवर आणू नका म्हणजे झालं."

पहिल्या दिवशी तीन खेपा झाल्या. तिन्ही वेळा नात अशी किंचाळली की चेहरा जांभळा पडला. तिन्ही वेळा स्वयंपाकघरातला नळ चालू झाला आणि ती गप्प झाल्यावर बंद झाला. मला विशेष काही वाटले असे म्हणवत नाही. हात मात्र काम संपल्यावरही तसेच, दोन बोटे पुढे काढून, बराच वेळ राहिले.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तीच दोन बोटे ठेवली आणि आठवेल तेवढा दाब दिला. आकडा आला दोनशे ग्रॅमच्या आसपास. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर दीडशेचा सराव केला आणि दीडशेने जीभ उचलली, ती रडली. मग शंभर, रडली. मग साठ. साठला ती रडली नाही. उलट माझे बोट चोखू लागली. मी तक्त्यात लिहिले: दाब ६० ग्रॅम, वेळ ५ सेकंद, रडणे नाही. प्रमाण सापडले होते. प्रमाण ठरले की पुढचे काम केवळ न चुकता तेच करत राहण्याचे असते, आणि त्यात माझा हात कोणी धरणार नव्हते.

तक्ता फ्रिजवर लावला. तारीख, वेळ, दाब, सेकंद, रडणे, वजन. दर खेपेआधी मी काट्यावर बोटे ठेवून साठचा आकडा पक्का करत असे. मुलगी येता-जाता तो रकाना वरून खाली वाचत असे: नाही, नाही, नाही.

"बाबा, खरंच नाही रडत?"

"तूच ऐक ना. नळ कशाला सोडतेस?"

तिने नळ सोडणे थांबवले. तिसऱ्या दिवसापासून ती दुपारची झोपूही लागली. पाजण्याचा वेळ पंचावन्नवरून पंचवीस मिनिटांवर आला. पहिल्या आठवड्यात वजन एकशे साठ ग्रॅमने वाढले. जावयाला आकडे कळवले. त्याने तीन अंगठे पाठवले.

दुसऱ्या आठवड्यात वाढ मंदावली. बुधवारी दहा ग्रॅम, गुरुवारी शून्य, शुक्रवारी पुन्हा शून्य. पाजण्याला चाळीस मिनिटे लागू लागली. मी बाळाच्या काट्यावर संशय घेतला. कपाटातून चामड्याच्या पिशवीतले एक किलोचे प्रमाण वजन काढले, हातमोजा घालून काट्यावर ठेवले. फरक एक ग्रॅम. बॅटरी बदलली. टेबलावर बुडबुड्याची समतल पट्टी ठेवून पाहिली आणि एका पायाखाली पुठ्ठा सारला. पुन्हा तोलले. आकडा तोच.

सौ. दारात उभ्या राहून हे पाहत होत्या. "काट्याला काही धाड भरलेली नाही. पोरीकडे बघा जरा."

"बघतोच आहे. दिवसातून सहा वेळा."

"सहा वेळा तुम्ही तक्त्याकडे बघता."

मुलगी पलीकडे बसून पाजत होती. तिने ओठ आत ओढून घेतले होते, दातांखाली. तिला पुन्हा दुखू लागले आहे, हे मला दिसले. मी ते वजनाच्या रकान्याशेजारी शेरा म्हणून लिहिले नाही, कारण शेऱ्याला रकाना नव्हता.

सोमवार, २३ मार्च. या वेळी मुलगी आत आली. डॉक्टरांनी जिभेखाली बोट फिरवले, दिव्याचा झोत वळवला, पुन्हा फिरवले.

"निम्मं परत चिकटलंय," त्या म्हणाल्या. "व्यायाम होत होते ना?"

"ब्याऐंशी वेळा," मी म्हणालो आणि घडी घातलेला तक्ता पुढे केला. त्यांनी तो नीट वाचला. त्यांचे बोट एका रकान्यावर थांबले.

"रडली फक्त पाच वेळा?"

"पहिल्या दोन दिवसांत. नंतर योग्य दाब सापडला."

"चौकट उघडलेली दिसायची का?"

मी आठवून पाहिले. माझी नजर तेव्हा कुठे असे, ते आठवले. ती बाळाच्या चेहऱ्यावर असे. चेहरा वाकडा होतो का, एवढेच मी पाहत होतो.

"नाही," मी म्हणालो. "तिकडे पाहिलं नाही."

डॉक्टरांनी माझा हात घेतला, बाही वर केली आणि दोन बोटांनी माझ्या दंडावर दाबले. "एवढं लागतं. फार नाही." मग तक्ता परत दिला. "बोट जखमेपर्यंत पोचतच नव्हतं, काका. म्हणून ती रडत नव्हती."

प्रयोगशाळेत एक उमेदवार असाच पकडला गेला होता. हवा तो आकडा येईपर्यंत तो काट्याचा स्क्रू फिरवत असे आणि मग नोंद करत असे. मी त्याला नापास केले होते. डॉक्टर पुढचे सांगत होत्या, मी मान हलवत होतो.

मुलगी माझ्याकडे वळली. आवाज चढला नाही. "तुम्ही म्हणालात, ती रडत नाही. मी त्याच्या भरवशावर झोपत होते, बाबा."

"हो."

"दोन आठवडे संपले माझे."

"हो. चूक माझी आहे. ती रडू नये म्हणून मी दाब कमी करत गेलो, आणि त्यालाच बरोबर म्हटलं."

मदतनीस कापूस मोजू लागल्या. डॉक्टर म्हणाल्या, "आज पुन्हा करता येईल. किंवा एवढ्यावरच थांबून बाटलीवर गेलात तरी बाळ वाढेल. दोन्ही चालेल. ठरवा तुम्ही."

"पुन्हा करा," मुलगी म्हणाली. "पण घरी हात मी लावणार. आणि डोकं मीच धरते. बाबा, तुम्ही बाहेर बसा."

मी बाहेर बसलो. बाकाच्या समोर दात घासण्याची योग्य पद्धत दाखवणारे चित्र होते. त्यात सहा पायऱ्या होत्या. भिंतीपलीकडून ऐकू आले तेवढे ऐकले. सेकंद मोजले नाहीत.

घरी आल्यावर ती जेवणाच्या टेबलाशी बसली, बाळाला आडवे घेतले, हातमोजा घातला. "डोकं धरा. आणि मला दिसतंय का ते विचारा, दुसरं काही बोलू नका."

"दिसतंय का?"

"नाही. थांबा. हां, आता दिसतंय."

नात किंचाळली. मुलीची बोटे जिथे हवी तिथे होती. जिभेखाली लाल, चार कोनांची जखम पूर्ण ताणली गेली. मी मोठ्याने पाचपर्यंत मोजले. तिने बाळाला खांद्यावर घेतले आणि स्वतःही रडली, बाळाइतकाच वेळ. माझ्या डोळ्यांत पाणी आले नाही. तळहातावर मात्र त्या छोट्या डोक्याची ऊब बराच वेळ होती.

"तक्ता काढू का?" मी विचारले.

"असू दे. रडण्याचा रकाना काढा. त्या जागी 'दिसली' असं लिहा."

मी पट्टी धरून जुन्या रकान्यावर रेघ मारली आणि शेजारी नवा आखला.

पुढचे चौदा दिवस तिने दिवसातून सहा वेळा ते केले, आणि मी डोके धरले. आम्ही कामापुरते बोललो. चौथ्या दिवशी सौ. म्हणाल्या, "तुम्ही दोघं बोलता की पाढे म्हणता?" त्यावर मुलगी किंचित हसली, मला उद्देशून नव्हे. नवव्या दिवशी पाजता पाजता तिने दातांखालचा ओठ सोडला होता. अकराव्या दिवशी तिने मला आपण होऊन चहा विचारला. मी हो म्हणालो.

सोमवार, ६ एप्रिल, सकाळचे साडेदहा. डॉक्टरांनी जिभेखाली बोट फिरवले. जीभ वर टाळूला लागत होती. पाजण्याचा वेळ अठरा मिनिटे, बाटली नाही. बाळाला त्यांच्या काट्यावर ठेवले. वजन तीन हजार चारशे ऐंशी ग्रॅम. चौदा दिवसांतली वाढ, चारशे दहा.