शांत खोली, दोन पलंग

चिखलीत लॉजवर उतरायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की केली. जहांआराला कळू द्यायचं नाही.

एकोणीस वर्षं मी चिखलीच्या शाळेत शिकवलं आणि ती सगळी वर्षं जहांआरा आमच्या भिंतीपलीकडे राहत होती. दोन घरांत भिंत एकच. पलीकडून उलथन्याचे दोन ठोके पडले की मी मागच्या दारी वाटी घेऊन जायची. निवृत्त होऊन मुलाकडे संग्रामपूरला निघाले, तेव्हा तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं की चिखलीत मुक्काम पडला तर तिच्याच घरी.

आता पेन्शनच्या कागदावर शाळेची सही हवी होती. कागद आज द्या, सही उद्या घेऊन जा, असं शाळेतून फोनवर सांगितलं. मुक्काम पडणार होता. पण जहांआराच्या दोन खोल्यांत तिची लेक अलीजा बाळंतपणाला आलेली, बाळ वीस दिवसांचं. आणि आमचे हे गेल्यापासून मला झोप नाही. येरझारा घालते, दिवा लावते, भांडी वाजवते. मुलाच्या घरी चालतं. ओल्या बाळंतिणीच्या घरी कसं चालेल?

नात अर्पितानं मोबाइलवर लॉजचे फोटो दाखवले होते. फोटोत चादरी दिसत होत्या, आवाज दिसत नव्हता. म्हणून सकाळी शाळेत कागद देऊन मी स्वतःच हिंडले. स्टँडसमोरच्या खोलीत एसटीचे हॉर्न थेट उशाशी. दुसऱ्या लॉजच्या खाली मंगल कार्यालय. तिसरा धान्य बाजारामागच्या गल्लीत होता, पूर्वी जिथे आमच्या शाळेचे गणवेश शिवणाऱ्या रुखमाबाई बसायच्या तिथेच. भाडं सातशे. मी पलंगावर पाच मिनिटं डोळे मिटून बसले. पंख्याशिवाय काही ऐकू येईना. मॅनेजर शेखर दारात उभा राहून हसत होता. हीच खोली, म्हटलं.

रजिस्टर भरताना तो म्हणाला, वयस्कर माणूस एकटं असलं की गावातल्या ओळखीचा एक नंबर लिहून घेतो आम्ही. मी न अडखळता दहाही आकडे सांगून टाकले. चिखलीतला तेवढाच नंबर मला पाठ होता.

खोलीत येऊन चप्पल काढली आणि मग लक्षात आलं. तशीच अनवाणी खाली गेले. शेखरचा फोन करूनही झाला होता.

“ओळखता का म्हणून विचारलं मावशी, तर म्हणाल्या, ओळखत होते.”

मग मला खोलीत बसवेना. पिशवी भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. तिच्या घरी जाऊन पाय धरावे का? की संध्याकाळची गाडी पकडावी? खिडकीपासून दारापर्यंत सात पावलं होती. किती वेळा मोजली कोण जाणे.

दुपारी दीडला दारावर दोन ठोके पडले.

जहांआरा डबा घेऊन उभी होती. बस म्हटलं तर बसली नाही. डबा टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “काऊन वं मास्तरीण, माह्या घराले कुलूप दिसलं का तुले?”

मी सगळं सांगितलं. झोपेचं, बाळाचं, येरझारांचं. सांगताना मला रडू आलं, पण ती काही विरघळली नाही.

“माह्या घरी कोण झोपते, सांग बरं,” ती शेवटी म्हणाली. “पोट्टं रातभर रडते. वीस दिवस झाले, माहा डोळ्याले डोळा नाही लागला. तू आली असती तर दोघी फिरलो असतो.”

मग तिचं लक्ष दुसऱ्या पलंगाकडे गेलं. तो कोणाचा, तिनं विचारलं. कोणाचाच नाही, म्हटलं.

तिनं खाली जाऊन रजिस्टरमध्ये स्वतःचं नाव लिहवून घेतलं, अलीजाला फोन करून सांगितलं की आपण सकाळी येतो, आणि वर येऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. माझ्यावरचा राग गेला की नाही, हे विचारायच्या आत ती घोरायला लागली.

थोड्या वेळानं शेखर पाण्याचा जग घेऊन आला. “खोली शांत आहे ना मावशी?” त्यानं विचारलं. मी ओठांवर बोट ठेवलं, जग घेतला, आणि बाहेरच्या व्हरांड्यात येरझारा घालू लागले. अनवाणीच.