उत्तर नाही, म्हणजे ठीक

श्वास ही देवाची उसनवारी, आणि ती घरोघर पोचवायचं काम आपल्याकडे आलंय, असं वहिनी मनापासून मानायच्या. दुकान प्राणवायूच्या सिलिंडरांचं. गिऱ्हाईक म्हणजे बावीस आजारी माणसं. रोज सकाळी वहिनी एकेकाला फोन लावायच्या, "कसं काय?" विचारायच्या आणि शब्दांपेक्षा श्वासाकडे कान द्यायच्या. कोणाला आज सिलिंडर हवा, ते त्यांना माणूस बोलायच्या आधीच कळायचं.

मग धाकट्या दिरानं संगणकावर मदतनीस आणला. रोजचे फोन तोच करणार, तेही वहिनींच्याच आवाजात. नोंदी ठेवणार, गाडीचा फेरा ठरवणार.

"घ्या, तुम्हाला जाऊ आणली," दीर म्हणाला. "भांडत नाही, माहेरी जात नाही."

"तू लग्न करत नाहीस, म्हणून ही अशी जाऊ माझ्या नशिबी."

पहिल्याच दिवशी मदतनिसानं विचारलं, की मास्तर फोनवर काहीच बोलत नाहीत, काय नोंदवू? मास्तर म्हणजे दुकानाच्या वाटेवर दुसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे निवृत्त शिक्षक. "बोलण्यात श्वास घालवणार नाही," असं त्यांनी वहिनींना कधीच बजावलं होतं. दोघांची खूण ठरलेली. मास्तरांच्या गॅलरीच्या कठड्यावर निळा टॉवेल असला की सगळं बरं. सिलिंडर संपत आला की ते टॉवेल काढून ठेवायचे. वहिनी येता-जाता वर बघायच्या. म्हणून त्यांनी सहज लिहून टाकलं, 'मास्तरांचं उत्तर नाही, म्हणजे ठीक.' टॉवेलचं लिहायचं राहिलं. ते तर आपण बघतोच.

आठवड्यानं त्यानं पुन्हा विचारलं, 'हाच नियम न बोलणाऱ्या इतर गिऱ्हाइकांनाही लावू का?' गॅसवर दूध उतू चाललं होतं. वहिनींनी 'होय' दाबलं आणि धावल्या.

गुडघा दुखायचा. फोन करायचे नव्हते, मग दुकानात तरी कशाला जायचं? घरबसल्या यादी उघडायची. बावीसच्या बावीस नावांपुढे हिरवी खूण, म्हणजे मागितला त्याला सिलिंडर धाडला, बाकीचे ठीक. तीन आठवडे त्या वाटेनं त्यांची पावलं गेली नाहीत.

शुक्रवारी दीर सकाळीच घरी आला. "वहिनी, गाडी अर्धी रिकामीच फिरतेय. लोकांची छाती सुधारली वाटतं."

वहिनी हसल्या आणि हसता हसता थांबल्या. ही छाती सुधारणारी माणसं नव्हती.

त्यांनी पहिल्यांदाच हिरव्या खुणेच्या आतली नोंद उघडली. मास्तर. सोमवार: फोन उचलला. उत्तर नाही. ठीक. मंगळवार: फोन उचलला. उत्तर नाही. ठीक. बुधवार, गुरुवार, आज, तेच. खाली आणखी सहा नावं आणि तेच शब्द.

आजचा फोन मदतनिसानं जपून ठेवला होता. ते रेकॉर्डिंग वहिनींनी लावलं. आधी त्यांचाच गोड आवाज आला, "कसे आहात, मास्तर?" मग फुटक्या भात्यासारखी घरघर. बराच वेळ. पुन्हा त्यांचाच आवाज, "छान. काळजी घ्या हं."

"गाडी काढ," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांचा कठडा मोकळा होता. त्यावर टॉवेलाचे दोन चिमटे तेवढे होते. सिलिंडर खांद्यावर घेऊन दीर जिना चढला, मागून वहिनी, गुडघा विसरून.

दार नुसतं लोटलेलं होतं. मास्तर खाटेच्या कडेला ओणवे बसले होते, ओठ निळसर. सिलिंडर लवकर संपू नये म्हणून त्यांनी हवेची धार पार बारीक करून ठेवली होती. काटा तळाला टेकलेला. दिरानं सिलिंडर बदलला, नळी जोडली. वहिनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत देवाचं नाव घेत राहिल्या. बऱ्याच वेळानं मास्तरांनी चार बोटं वर केली.

"चार दिवस?"

मान हलली. उशाशी निळा टॉवेल घडी घालून ठेवलेला होता.

"टॉवेल... काढला होता मी," ते एकेक शब्द ओढत म्हणाले. "तू रोज... छान म्हणायचीस. वाटलं... तुला दिसलंय. येशील."

वहिनींना 'ती मी नव्हते' म्हणवेना. नियम त्यांचा होता, आवाजही त्यांचाच.

"वहिनी," दीर दबक्या आवाजात म्हणाला, "बाकीचे सहा?"

त्याच क्षणी त्यांना कळलं, की ज्याला दम पुरतो तोच बोलतो. गप्प झालेली सहाच्या सहा माणसं त्या 'ठीक'मध्ये जमा झाली होती.

"तू गाडी घेऊन जवळच्या घरापासून सुरू कर. मी इथून फोन लावते."

दीर धडाधड जिना उतरला. मास्तरांच्या शेजारी बसून वहिनींनी त्या सहांतल्या पहिल्याला फोन लावला. पलीकडे फोन उचलला गेला.

"कसं काय?" वहिनींनी विचारलं आणि पूर्वीसारखा कान लावला.

श्वास ऐकू येईना. पलीकडे कुठंतरी दूर एक बाई म्हणत होती, "अहो, त्याच बाईंचा असेल. रोजचाच आहे, काही न ऐकता नुसतं छान म्हणतात. ठेवा खाली."